वाळलेल्या गवताची बाग

जळगावात बंगला बांधून झाला की दारात लॉन लागतं. फरशीचा रंग महिनाभर ठरत नाही, किचनच्या ओट्यावरून दोन भांडणं होतात, पण लॉनचं आधीच ठरलेलं असतं. मी घरांच्या बागा करून देतो. जळगाव, धुळे आणि मधल्या एरंडोल-पारोळ्यात माझी कामं असतात. गिऱ्हाइकाच्या पहिल्याच फोनवर ऐकू येतं, "समोर हिरवंगार लॉन पाहिजे, बाकी तुम्ही बघून घ्या." बाकी म्हणजे एक चाफा, कंपाउंडला बोगनवेल आणि गच्चीवर चार कुंड्या.

लॉन लावून देणं अवघड नाही. जमीन सपाट करा, पोयटा टाका, गादी आणून अंथरा, रोलर फिरवा. संध्याकाळी घरमालक अनवाणी चालून बघतो आणि खूश होतो. खरा हिशोब मे महिन्यात लागतो. पारा ४५च्या आसपास, दुपारभर झळा, आणि काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज सहा-सात मिलिमीटर तरी द्यावं लागतं. म्हणजे ५०० चौरस फुटांच्या लॉनला रोज ३०० लिटर. आमच्याकडे नळ रोज येत नाही. मग बोअर, बोअर आटलं की टँकर. एका काकूंनी मला सरळ विचारलं होतं, "भाऊ, मी पोरांना आंघोळीला अर्धी बादली मोजून देते आणि या गवताला टाकीभर पाणी घालते. हे ना गाय खाते, ना देवाला चालतं. कशासाठी पाळलंय आपण ते?" त्यांच्या अंगणातून लॉन काढलं आणि तिथे ठोंबांचं गवत लावलं. माझ्या कामाला वळण लागलं ते तिथून.

ठोंबांचं गवत म्हणजे काय ते बघायला मी लोकांना नर्सरीत नेत नाही, रस्त्यावर नेतो. दिवाळीच्या मागेपुढे पारोळ्याहून मुकटी, फागण्यावरून धुळ्याकडे निघालात की जिथे रुंदीकरणाचा जेसीबी पोचलेला नाही, तिथे बांधाबांधावर गवत पिकलेलं दिसतं. धुळ्याच्या पुढे मालेगावच्या रस्त्याला लळिंगचं कुरण आहे. तिथल्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली मुक्कामी होते, त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी लोटते. त्या गर्दीला डोंगर हिरवा दिसतो. मी गिऱ्हाइकाला कार्तिकात नेतो, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. तेव्हा त्या उतारावर हिरवं जवळजवळ काही नसतं. पवन्या सोन्याच्या रंगावर आलेला असतो, कुसळी तांबूस, मारवेलाच्या कांड्यांवर जांभळी झाक, आणि वारा सुटला की सगळा उतार एका बाजूला झुकतो. बघणारा गप्प होतो. नंतर म्हणतो, "पण हे घरासमोर कसं दिसेल?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायला मात्र दोन वर्षं लागतात.

घरासाठी मी निवडतो ती गवतं मोजकीच आहेत. मारवेल हे आमच्याकडे गाईचं गवत म्हणून सगळ्यांना माहीत, पण ते कोणी नीट बघितलेलं नसतं. त्याच्या प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं. ते एकदा गिऱ्हाइकाच्या घरातल्या पोरांना दाखवलं की पोरं प्रत्येक कांडी तपासत बसतात. पवन्या सरळ उभा राहतो, लोळत नाही, म्हणून तो वाटेच्या कडेला. डोंगरी गवत मुरमाड कोपऱ्यात. आणि वाळा, जिथे घराचं सांडपाणी निघतं तिथे. उन्हाळ्यात आमच्याकडे लोक 'कूलरचं गवत' बदलतात, ते बहुतेक ठिकाणी लाकडाचा कीस असतो. खऱ्या वाळ्याच्या पडद्याचा वास जुन्या माणसांच्याच नाकात राहिलेला आहे. वाळ्याचा ठोंब फोडताना तो वास हाताला लागतो आणि जेवताना घासापर्यंत येतो. मुळं खाली दोन-तीन मीटर सरळ जातात, बाजूला पसरत नाहीत, त्यामुळे शेजारच्या झाडाशी भांडण नाही. लागवडीत असलेल्या दक्षिणेकडच्या वाळ्याला रुजणारं बी येत नाही, फुटवे तोडूनच लावावे लागतात. म्हणजे बागेबाहेर पळण्याचीही भीती नाही.

कुसळी मात्र मी दारापाशी लावत नाही, कितीही सुंदर असली तरी. तिच्या प्रत्येक बियाला टोकदार भाला आणि मागे लांब काळपट कूस असतं. पिकल्यावर कुसं एकमेकांत पिळून त्यांची वेणी होते. एक कूस तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. क्षणभरात ते स्वतःभोवती फिरायला लागतं. वाळलं की उलटं फिरतं. पावसात भिजत, उन्हात वाळत असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत पुरून घेतं. हेच बी पायमोज्यात, कुत्र्याच्या कानात आणि मेंढीच्या कातडीतही तसंच शिरतं. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ म्हणूनच कुसळी कोवळी असतानाच मेंढ्यांना चारतात, पिकल्यावर तिच्यातून कळप नेणं टाळतात. ज्याचं शेत आहे, मागे मोकळा उतार आहे, त्यानेच कुसळी लावावी. कुत्रं पाळणाऱ्याने नाहीच.

लावणीचं काम मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर. त्याआधी महत्त्वाचं काम निंदणीचं असतं आणि ते उन्हाळ्यात करायचं. हराळी, लव्हाळा आणि कुंदा हे तिघं जमिनीत असताना दुसरं गवत लावणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. लव्हाळ्याच्या गाठी खणून, चाळून काढाव्या लागतात. एक राहिली तरी पावसाळ्यात तिचं गाव होतं. माझ्याकडे निंदणीला येणाऱ्या एक आजी आहेत, धुळ्याजवळच्या खेड्यातल्या. सगळं निंदून झाल्यावर मी टेम्पोतून मारवेलाचे ठोंब उतरवले तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जिभाऊ, सारी जिंदगी गवत निंदामा गई, आते तू माले तेच लावाले लावस का?" आणि मग स्वतःच ठोंब हातात घेऊन, जुनी वाळकी पानं ओरबाडून, मुळं वीतभर ठेवून, असा झपाट्याने लावत सुटल्या की माझी पोरं मागे राहिली. कोणतं गवत कोणत्या ढोराला आवडतं, कोणतं आधी पिकतं, कोणत्याची दोरी होते, हे त्यांना सगळं पाठ. बागकामाच्या पुस्तकांत यातलं काहीच नसतं.

जमीन तयार करताना लोकांना चमत्कारिक वाटतं ते हे, की मी चांगली माती काढून मुरूम टाकतो. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि मुळं तोडते. दीड फूट खोल खणून मातीत निम्मा मुरूम मिसळला की दोन्ही त्रास जातात. शेणखत जवळजवळ नाहीच. या गवतांना खत घातलं की ती माजतात, उंच वाढतात आणि पहिल्या वाऱ्यात लोळतात. मारवेल-पवन्याला दोन फुटांचं अंतर, वाळ्याला तीन. सुरुवातीला दोन ठोंबांमधली जागा ओकीबोकी दिसते आणि घरातलं कोणीतरी हमखास तिथे झेंडू लावतं. लावू द्यावा. पुढच्या वर्षी जागा उरत नाही.

पाणी ठिबकने. ठिबकच्या बाबतीत जळगावकराला काही शिकवायला जाऊ नये, इथल्या कारखान्यातून नळ्या जगभर जातात. पण ठिबक आहे म्हणून रोज कॉक उघडायची सवयही इथेच जास्त. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी द्यावं, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, तेही ठोंब जिवंत राहण्यापुरतं. तिसऱ्या वर्षी मी ठिबकची लाइन काढून दुसऱ्या बागेला नेतो.

बियाणं हा वेगळा विषय. कुसळी-पवन्याचं ताजं बी लगेच रुजत नाही. त्याला काही महिने पडून राहू द्यावं लागतं. म्हणून या दिवाळीला गोळा केलेलं बी पुढच्या पावसात पेरायचं. मारवेलाचे सुधारित वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी काढले आहेत, त्यांचे ठोंब शेतकऱ्यांकडे मिळतात. बाकीचं मी ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधावरून, त्यांना विचारून आणतो. राखीव जंगलातून नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडला तो इंग्रजांचा, तेव्हा त्याला अर्थ होता. आपल्या बंगल्याच्या शोभेसाठी कुरण उकरणं ही नुसती चोरी आहे.

आणि कुरणं राखणारे लोक आमच्या भागात आहेत, हे बघितल्यावर तर ते अजिबातच होत नाही. धुळे तालुक्यातल्या लामकानीच्या डोंगरावर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, धुळ्याचे डॉ. धनंजय नेवाडकर त्यामागे उभे राहिले. झाडं लावण्याआधी तिथे गवत परत आलं. मोकळं चरायला सोडायचं नाही, कापून न्यायचं, एवढ्या शिस्तीवर बोडका उतार कमरेएवढ्या गवताचा झाला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवारांनी गावकऱ्यांसह जंगल राखलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे लोक झाडं बघायला जातात, मी पायाखालचं बघतो. माझं एवढंच म्हणणं की ज्या मातीवर नुसतं राखलं तरी हे उगवतं, तिथे विकतची गादी अंथरून टँकर बोलावणं हा अडाणीपणा आहे, आणि तो पैसेवाल्यांचा असल्यामुळे त्याला आपण हौस म्हणतो.

आता खरी अडचण. ती गवताची नाही, डोळ्याची आहे. श्रावणात बाग हिरवी असते तेव्हा गिऱ्हाईक शेजाऱ्यांना बोलावून दाखवतं. भाद्रपदात तुरे येतात, मुनिया येतात, पेरूच्या फांदीवरून तुऱ्यावर आणि तुऱ्यावरून फांदीवर. फोटो निघतात. मग कार्तिक उजाडतो आणि माझा फोन वाजायला लागतो. "अहो, सगळं वाळलं. माणूस पाठवा आणि काढून टाका." मी सांगतो, वाळलं नाही, पिकलं. ज्वारी पिवळी पडली तर तुम्ही शेतात जाऊन रडता का? समोरचा हसतो, पण त्याला पटत नाही. एका आप्पांनी मला न विचारता सगळी बाग कार्तिकातच कापून घेतली. पुढच्या वर्षी त्यांच्या सुनेने कापू दिली नाही. तिचं म्हणणं, पहाटे दवात ती बाग जशी दिसते तसं वर्षभरात दुसरं काही दिसत नाही. आता आप्पा सकाळचा चहा तिथेच घेतात, पण आपलं मत बदललं असं म्हणत नाहीत. खान्देशी माणूस तसं म्हणत नसतो.

परदेशी बागांत हे वाळणं मुद्दाम राखतात. न्यूयॉर्कला बंद पडलेल्या उंचावरच्या रेल्वेमार्गावर 'हाय लाइन' नावाची बाग २००९ मध्ये खुली झाली. तिच्यातल्या लावणीची आखणी पीट औडोल्फ या डच माणसाची. तिथली गवतं हिवाळाभर वाळलेली उभी ठेवतात, बर्फासकट, आणि मार्चमध्ये कापतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी माघ-फाल्गुनाचं ऊन आहे, एवढाच फरक. महिना तोच.

दुसरी अडचण सापाची, आणि तिला मी हसत नाही. आमच्याकडे घोणस आहे, नाग आहे, पावसाळ्यात माणसं दगावतात. गवत आहे म्हणून साप येतो असं नाही. उंदरामागे साप येतो, आणि उंदीर येतो सांडलेल्या धान्याला, विटांच्या ढिगाला, मागच्या दारातल्या भंगाराला. तरीपण मी भिंतीपासून तीन फुटांचा पट्टा मोकळा सोडतो, त्यात खडी. दोन ठोंबांमध्ये जमीन दिसली पाहिजे, खालची लोंबती पानं वीतभर उंचीपर्यंत कापलेली पाहिजेत, आणि रात्री त्या वाटेला दिवा पाहिजे. जिथे रांगतं मूल आहे तिथे मी ठोंबांचं गवत लावायला नकार देतो, मूल मोठं झाल्यावर बोलवा म्हणतो.

नर्सऱ्यांमध्ये हल्ली शोभेची गवतं म्हणून बाहेरची येतात. जांभळं फाउंटन ग्रास, पट्ट्यापट्ट्यांचं झेब्रा, पंख्यासारखे तुरे असणारं पॅम्पस. जांभळं फाउंटन कुंडीत देखणं दिसतं आणि त्याला बी क्वचितच धरतं, म्हणून कुणी हट्ट केला तर लावून देतो. त्याचाच हिरवा भाऊबंद मात्र नको. हवाई बेटांवर आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनात तो बागांमधून निसटला, रानात पसरला आणि वणव्यांना सरपण झाला. गाजरगवत आपण एकदा अंगावर घेतलंय, ते गवत नसूनही. दुसरं निमंत्रण कशाला? कुणाला श्राद्धपक्षासाठी घरचा दर्भ हवा असतो. श्रावणातल्या दर्भग्रहणी अमावस्येला, म्हणजे पोळ्याच्या दिवशी, दर्भ गोळा करण्याचा रिवाज आहे, तेव्हा ही मागणी येते. दर्भ जमिनीखालून धावतो आणि पानाची धार बोट कापते. त्याला पत्र्याचा ड्रम कापून त्यात लावावा, मोकळ्या जमिनीत नाही.

रोशा मात्र मी प्रत्येक बागेत एक तरी लावतो. तिखाडीही म्हणतात त्याला. पान चुरगळलं की गुलाबाच्या जवळचा वास येतो. यात माझा थोडा खान्देशी अभिमान आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देशचा खंड १८८० मध्ये निघाला, त्यात याची नोंद आहे. त्या काळात पश्चिम खान्देशात या गवताचं तेल काढण्याचा मोठा धंदा होता. मूळ ठिकाण पिंपळनेर. तिथलं गवत कमी झाल्यावर धंदा नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकला. कोवळ्या, निळसर फुलोऱ्याच्या गवताला कारागीर मोतिया म्हणत, पिकून तांबडं झालं की सोफिया. मोतियाचं तेल वासाला नाजूक, पण बहुतेकदा दोन्ही मिसळून विकत. तेल मुंबईच्या बंदरातून बाहेर जायचं आणि तुर्कस्तानात ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. म्हणजे इस्तंबूलच्या अत्तरातला काही वाटा सातपुड्याच्या आणि पिंपळनेरच्या उतारावरचा होता. ही हकिगत मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा त्या गवताबद्दल आदर दिसतो. परदेशी गेलं की वजन वाढतं, माणसाचं काय अन् गवताचं काय.

ओळख पटवायला मला पुस्तकांचा आधार लागतो. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक १९३५ चं. पोतदार, साळुंखे आणि यादव यांचं महाराष्ट्रातल्या गवतांवरचं २०१२ चं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने काढलेलं. आणि धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींवरचं डॉ. डी. ए. पाटील यांचं २००३ चं. तिन्ही इंग्रजीत. शास्त्रीय नाव पुस्तकातून येतं, पण गावातलं नाव आजींकडून, आणि गवत दर वीस मैलांवर नाव बदलतं. त्यामुळे बागेत मी पाटी लावतो तेव्हा त्या घराच्या मूळ गावचं नाव लिहितो.

पैशाचं सांगितलं नाही तर अर्धवट राहील. ठोंबांच्या गवताची बाग लॉनपेक्षा पहिल्या वर्षी फारशी स्वस्त पडत नाही. खणणं, मुरूम, निंदणी यांत मजुरी जाते. स्वस्ताई दुसऱ्या वर्षापासून. मला मात्र त्यात तोटा आहे. लॉनवाल्याकडे महिन्याला माणूस जातो, त्याचे पैसे मिळतात. या बागेत वर्षातून दोनदा काम: पावसाळ्याच्या तोंडावर निंदणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापणी. कापलेल्या मारवेल-पवन्याच्या पेंढ्या गल्लीतला दूधवाला आनंदाने नेतो. रोशाला मात्र त्याची म्हैस तोंड लावत नाही. तो कपाटात कपड्यांमध्ये ठेवावा.

यंदा कुणी अशी बाग करणार असेल तर अख्खं अंगण खणू नका. एक पाच बाय दहाचा तुकडा घ्या, रोहिणीत जमीन तयार ठेवा, मृगानंतर मारवेल आणि पवन्याचे ठोंब लावा, मधे एक रोशा. पुढच्या कार्तिकात घरात कुणीही काहीही म्हणालं तरी विळा लपवून ठेवा. तो काढायचा होळीच्या आठ दिवस आधी. जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळं कापायचं आणि पेंढ्या त्याच दिवशी घराबाहेर काढायच्या. होळी पेटल्यावर वाळलेलं गवत दारात उभं असता कामा नये.